चॅट प्रोग्रामच्या डॉक्युमेंटेशनमधल्या बारीक चुका, एवढ्याशासाठी पुल रिक्वेस्ट टाकायची का?

रायवळ (देवगड)

नमस्कार मंडळी, प्रश्न बावळट वाटेल पण विचारतेच. आमचा आंब्याचा धंदा आहे, घरचा आणि वाडीतल्या काही बागायतदारांचा माल एकत्र जातो, थोडा वाशीला आणि बाकी पुण्या-मुंबईच्या घरगुती गिऱ्हाइकांना. आधी सगळं व्हॉट्सॲप ग्रुपवर चालायचं, म्हणजे कुणी फवारणीचं विचारतंय, त्याच्यात कुणाची तरी ऑर्डर, त्याच्यातच गुड मॉर्निंगची फुलं, आणि मग कुठली पेटी कुणाची ते वर सरकवत शोधत बसा. म्हणून एक ओपन सोर्स चॅट प्रोग्राम घरच्या जुन्या डेस्कटॉपवर बसवला, फवारणी वेगळी, ऑर्डर वेगळ्या, कुरिअर वेगळं. सीझनभर मस्त चालला, प्रोग्रामबद्दल काही तक्रार नाही. नाव मुद्दाम लिहीत नाही कारण उगाच नावं ठेवल्यासारखं होईल.

तर आता सीझन संपला, पाऊस लागलाय, जरा निवांत आहे म्हणून बॅकअप घ्यायला बसले आणि त्यांच्या डॉक्युमेंटेशनमधून कमांड कॉपी केली तर असा ऑप्शनच नाही म्हणून एरर. बराच वेळ डोकं खाल्ल्यावर दिसलं की ऑप्शनच्या आधी दोन हायफन पाहिजेत तिथे पानावर एकच लांबडा डॅश आहे. हाताने दोन हायफन टाकले, चाललं. मग लक्ष गेलं म्हणून बाकी पानंही बघितली. एका ठिकाणी जो मेनू सांगितलाय तो आता त्या जागी नाहीच, एक लिंक मेलेली आहे, एका हेडिंगमध्ये स्पेलिंग चुकलंय, आणि दोनचार ठिकाणी एकच शब्द दोनदा वगैरे.

हे त्यांना कळवावंसं वाटतंय पण मी प्रोग्रामर नाही, बीकॉम आहे, गिट (बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्राम) जेमतेम माहितीये. एवढ्याशा गोष्टीसाठी पुल रिक्वेस्ट (म्हणजे 'माझी ही दुरुस्ती घ्या' अशी विनंती) टाकली तर हसतील का? त्याच्यासाठी त्यांचा अख्खा डेव्हलपमेंट सेटअप बसवायला लागतो का, माझा लॅपटॉप ४ जीबीचा आहे आणि नेट म्हणजे देवाची कृपा. सगळं एकत्र टाकायचं की वेगवेगळं? आणि इंग्लिश माझं काही फार ग्रेट नाही.

---

कातळशिल्प (रत्नागिरी)

हसत वगैरे कुणी नाही, टाका बिनधास्त. डॉक्युमेंटेशनच्या चुका प्रोजेक्टवाल्यांना स्वतःला दिसतच नाहीत कारण ते ती पानं कधी वाचत नाहीत, कमांड त्यांना पाठ असते. जो पहिल्यांदा बॅकअप घ्यायला बसतो त्यालाच ती ठेच लागते, आणि त्यातले बहुतेक जण तुमच्यासारखे हाताने दोन हायफन टाकून पुढे जातात, कळवत कुणी नाही.

सेटअप अजिबात नको. गिटहबवर, म्हणजे जिथे असे प्रोजेक्ट ठेवलेले असतात त्या साईटवर, ती फाईल उघडा, कोपऱ्यात पेन्सिल आहे ती दाबा, तुम्हाला त्या रेपोत, म्हणजे प्रोजेक्टच्या फायलींच्या साठ्यात, लिहायचा हक्क नसेल तर गिटहब तुमच्या नावावर फोर्क (स्वतःची प्रत) करून देतं आणि शेवटी पुल रिक्वेस्ट उघडू का म्हणून विचारतं. सगळं ब्राउझरमध्ये. फक्त आधी बघा की डॉक्युमेंटेशन राहतं कुठे. झुलिप या चॅट प्रोग्रामचं उदाहरण घ्या, त्यांची डॉक्युमेंटेशनची पानं कोडबरोबर त्याच रेपोत आहेत, मॅटरमोस्ट या दुसऱ्या चॅट प्रोग्रामचा डॉक्युमेंटेशनचा रेपोच वेगळा आहे, तिथे मेन रेपोत शोधत बसलात तर सापडणार नाही. बऱ्याच साईटवर पानाच्या वरच एडिटची लिंक असते ती बरोबर फाईलवर नेते.

आणि दुसरं, हे जास्त महत्त्वाचं. तुम्ही वाचताय ते स्टेबलचं पान की लेटेस्टचं ते बघा. पानाच्या पत्त्यात किंवा कोपऱ्यात लिहिलेलं असतं. स्टेबल म्हणजे मागच्या रिलीजबरोबर गोठलेलं, कदाचित ती चूक मेन ब्रँचवर (चालू कामाच्या मूळ प्रतीत) कुणीतरी कधीच काढली असेल आणि तुम्ही परत तीच काढायला जाल. आधी मेन ब्रँचवरची फाईल उघडून बघा, मग उघड्या इश्यूंमध्ये (नोंदवलेल्या तक्रारींत) आणि पुल रिक्वेस्टमध्ये शोधा. चहा संपेपर्यंत होतं हे.

हो आणि कमिटमध्ये (बदलाच्या नोंदीत) तुमचा ईमेल कायमचा जगजाहीर होतो, नको असेल तर गिटहबच्या सेटिंगमध्ये ईमेल लपवायची सोय आहे, ती आधी चालू करा.

---

धक्क्यावरचा (हर्णै)

मी जरा उलटं बोलतो. ओपन सोर्समध्ये एक शब्द सुधारून पुल रिक्वेस्ट टाकणाऱ्यांचा सुळसुळाट झालेला आहे आणि त्यात आपली भारतातली पोरं पुढे आहेत हे मान्य करायला काय हरकत आहे. २०२० चं हॅक्टोबरफेस्ट आठवतंय का कुणाला? डिजिटलओशन कंपनीवाले ही ओपन सोर्सची मोहीम २०१४ पासून दर ऑक्टोबरला भरवतात, त्या वर्षी ४ पुल रिक्वेस्ट केल्या की टी-शर्ट होता. लोकांनी काय केलं तर रीडमी (प्रोजेक्टची ओळख सांगणारी फाईल) उघडायची, मधेच 'अमेझिंग प्रोजेक्ट' असं लिहायचं, टाक पुल रिक्वेस्ट. मेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारे लोक, अक्षरशः रडकुंडीला आले आणि ऑक्टोबर सुरू होऊन दोनचार दिवस होतायत तोवर आयोजकांना नियम बदलायला लागला, की ज्या प्रोजेक्टने स्वतःहून भाग घेतलाय तिथल्याच धरणार.

तेव्हापासून डॉक्युमेंटेशनची बारकी पुल रिक्वेस्ट आली, त्यात नाव भारतीय असलं की काही जण आधी संशयानेच बघतात. एकेक पुल रिक्वेस्ट म्हणजे कुणीतरी माणूस ती उघडणार, वाचणार, त्याच्यावर ऑटोमॅटिक टेस्ट चालणार. कॉमा हलवण्यासाठी हे सगळं करायचं का ते ज्याचं त्याने ठरवावं. मॅडम तुमचा डॅश ही खरी चूक आहे, कमांड चालत नाही म्हणजे नाही, ती नक्की द्या. पण तो दोनदा आलेला शब्द वाचताना कुणाचं काय अडलंय?

---

खाजावाला (मालवण)

गो बाय, तू इतको विचार कित्याक करतंस? चूक दिसली मा, मगे घाल करून. फार तर काय, नको म्हणतले. धक्क्यावरच्याचा काय आयकू नको, तेका सगळ्यातच खोट दिसता.

बरं आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. नेटचा प्रॉब्लेम आमच्याकडेही तोच, सकाळपासून लाईट नाही, हे पण मोबाईलवरून लिहितोय. बऱ्याच फाईली बघायच्या असतील तर रेपो पूर्ण क्लोन करू नको (म्हणजे सगळा उतरवून घेऊ नको), जुन्या प्रोजेक्टचा इतिहासच केवढा तरी असतो. डेप्थ एक देऊन क्लोन केलंस की फक्त शेवटची आवृत्ती उतरते, मागचा सगळा इतिहास येत नाही, डॉक्युमेंटेशन बघायला तेवढं पुरतं. आणि तेही नको असेल तर मोबाईलवर ब्राउझरमध्ये डेस्कटॉप साईट करून पेन्सिल दाबायची, मी करतो कधी कधी.

---

कातळशिल्प

मोबाईलवरून कर पण आयफोन असेल तर सांभाळून, त्याच्यात स्मार्ट पंक्चुएशन नावाचं सेटिंग आहे, तू दोन हायफन टाईप केलेस की तो स्वतःच त्याचा लांब डॅश करतो. म्हणजे डॅशची चूक सुधारायला जायचं आणि परत डॅशच घालून यायचं 😄

---

रायवळ

@धक्क्यावरचा दादा, मला टी-शर्ट नकोय हो, आणि रेझ्युमेत मिरवायचं म्हणाल तर तो मी कधी बनवलेलाच नाही. माझी तळमळ एवढीच की पुढच्या वर्षी तालुक्यातले अजून दोन गट हाच प्रोग्राम बसवणार आहेत आणि ते सगळे फोन मलाच करणार.

@कातळशिल्प तुम्ही सांगितलंत तसं मेन ब्रँचवर बघितलं. मेलेली लिंक तिथे सुधारलेली आहे, ती सोडली. बाकीच्या चुका आहेत. पण एक गंमत झाली. डॅशवाल्या पानाची मूळ फाईल उघडली तर तिथे दोन हायफन व्यवस्थित आहेत! साईटवर मात्र एक डॅश. मग दुरुस्त करायचं तरी काय?

---

सुरंगीचा वळेसार (वेंगुर्ला)

हे वाचून लॉगिन केलं. मी डॉक्युमेंटेशन लिहायचंच काम करते, घरून.

रायवळ, ती फाईल आरएसटी आहे का बघ, म्हणजे रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट, मजकूर लिहायची एक पद्धत. आणि ती कमांड सिंगल बॅकटिकमध्ये (` या चिन्हात) आहे का? माझी पैज आहे असेलच. डॉक्युमेंटेशनची पानं तयार करणारा स्फिंक्स म्हणून जो प्रोग्राम आहे, २००८ पासूनचा, मुळात पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या डॉक्युमेंटेशनसाठी बनला आणि आता अर्धी दुनिया वापरते, त्याच्यात स्मार्टकोट्स हे सेटिंग आपोआप चालू असतं. ते काय करतं तर साध्या मजकुरातल्या सरळ अवतरणचिन्हांना वाकडी करतं, दोन हायफनचा एक डॅश करतं, तीन असतील तर अजून लांब डॅश. पुस्तकासारखं सुंदर दिसावं म्हणून. कोड म्हणून जे लिहिलंय त्याला ते हात लावत नाही. आता गोची कुठे होते, मार्कडाउन या दुसऱ्या पद्धतीत सिंगल बॅकटिक म्हणजे कोड, पण आरएसटीमध्ये कोडसाठी डबल बॅकटिक लागतात, सिंगल दिलंस तर स्फिंक्सला तो साधा मजकूरच वाटतो. पानावर ते तिरक्या अक्षरात बिक्षरात दिसतं त्यामुळे लिहिणाऱ्याला वाटतं झालं बरोबर. आणि आतल्या दोन हायफनचा डॅश होऊन बसतो. रोज मार्कडाउन लिहिणाऱ्या माणसाच्या हातून हे हमखास होतं.

म्हणजे तुझी दुरुस्ती आहे दोन बॅकटिक जास्तीचे, पण खरी मजा पुढे आहे. ज्याने ते पान लिहिलं त्याने अजून कुठे कुठे तेच केलं असणार. तो खाजावाला म्हणाला तसं डेप्थ एकने क्लोन कर आणि आरएसटी फायलींमध्ये सिंगल बॅकटिकच्या आत दोन हायफन कुठे आहेत ते गिट ग्रेप या शोधायच्या कमांडने शोध. जेवढे सापडतील ते सगळे एका कमिटमध्ये. असं केलंस की ती बारकी पुल रिक्वेस्ट राहत नाही, तू एक अख्खा प्रकार साफ केलास, आणि रिव्ह्यू करणाऱ्यालाही एकदाच समजून घ्यायला लागतं, बाकी नुसतं नजर फिरवायची.

हेडिंगमधलं स्पेलिंग मात्र जपून. हेडिंगवरूनच त्या जागेचा पत्ता तयार होतो, तू एक अक्षर सुधारलंस की पत्ता बदलला आणि बाहेरून जिथे जिथे त्या जुन्या पत्त्याची लिंक दिलेली आहे ती उघडल्यावर माणूस पानाच्या वर जाऊन पडतो, पाहिजे त्या जागी जात नाही. प्रोग्रामच्या आतून पण मदतीच्या लिंका असतात, त्या कोडमध्ये लिहिलेल्या असतात. म्हणून चुकीचं स्पेलिंग आधी पूर्ण रेपोत शोध. आरएसटीमध्ये हेडिंगच्या वरच्या ओळीत जुन्या नावाचं लेबल ठेवता येतं, म्हणजे हेडिंग सुधारतं आणि जुनी लिंकही चालते.

मेनूचं जे आहे ते पुल रिक्वेस्टमध्ये नको घेऊस. तुझ्याकडची आवृत्ती कुठली, मेनू मुद्दाम हलवलाय की तुझ्या हक्कांमुळे तुला दिसत नाहीये, हे तुला बाहेरून कळणार नाही. त्याचा इश्यू टाक, पान कुठलं, तिथे काय लिहिलंय, तुझ्याकडे काय दिसतंय, आवृत्ती कुठली. स्क्रीनशॉट टाकलास तर गिऱ्हाइकांची नावं-फोन नंबर झाक आधी.

इंग्लिशचं म्हणशील तर पुल रिक्वेस्टच्या वर्णनात कुणाला निबंध नको असतो. कमांड कॉपी केली, ही एरर आली, कारण हे, तपासलं असं. चार तुटक वाक्यं असली तरी चालतात, मी स्वतः लांबलचक वर्णनं वाचत नाही. एक सांगून ठेवते, आपण शाळेत ब्रिटिश स्पेलिंग शिकलो, बहुतेक प्रोजेक्ट अमेरिकन पाळतात, तेव्हा 'कलर'मध्ये यू नाही म्हणून तो घालायला जाऊ नकोस. असे सुधारक मला महिन्यातून भेटतात.

---

धक्क्यावरचा

हे बॅकटिकचं मला माहीत नव्हतं, चांगलं सांगितलंत. असं काही असेल तर माझी हरकत नाहीच.

एक भर घालतो. काही पानं हाताने लिहिलेली नसतात, प्रोग्रामच्या हेल्प मजकुरातून किंवा एपीआयच्या (दुसऱ्या प्रोग्रामशी बोलायच्या सोयीच्या) वर्णनातून आपोआप तयार होतात. असल्या फाईलच्या डोक्यावर बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की ही हाताने बदलू नका. तिथे सुधारून उपयोग नाही, पुढच्या वेळी फाईल परत तयार झाली की चूक परत हजर. मूळ कोडमध्ये जाऊन तो मजकूर सुधारायला लागतो.

---

रायवळ

वळेसार ताई, पैज जिंकलात. आरएसटीच आहे आणि सिंगल बॅकटिकच. ग्रेप केलं तर बॅकअपच्या पानावर आहेतच, रिस्टोअरच्या पानावर आहेत, युझर इम्पोर्टच्या पानावर पण आहेत, आणि एका ठिकाणी तर सरळ अवतरणचिन्हं वाकडी झालेली आहेत, तीही कमांडमध्येच. क्लोन करताना दोनदा नेट गेलं पण झालं एकदाचं.

दोन कमिट केल्या, एक बॅकटिकची, एक स्पेलिंगची, हेडिंगच्या वर जुनं लेबल ठेवलं. दोनदा आलेले शब्द स्पेलिंगच्याच कमिटमध्ये घातले (दादा, सॉरी 😀). मेनूचा इश्यू वेगळा टाकला. पुल रिक्वेस्ट गेली आणि लगेच खाली लाल फुली आली, डीसीओ फेल म्हणून. हे काय असतं? काही कायदेशीर भानगड आहे का, कुठे सही-बिही करायची?

---

कातळशिल्प

सहीच आहे एका अर्थी, पण घाबरू नका. डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, लिनक्स कर्नलसाठी २००४ मध्ये सुरू झालं, तेव्हा लिनक्समध्ये चोरीचा कोड आहे असा दावा करून एससीओ कंपनीने कोर्टबाजी चालवली होती. त्यामुळे ठरलं की प्रत्येक कमिटच्या खाली देणाऱ्याने लिहायचं की हे माझं आहे किंवा मला द्यायचा हक्क आहे. तुम्हाला फक्त कमिट मेसेजच्या शेवटी साइन्ड-ऑफ-बाय ची ओळ पाहिजे, तुमचं नाव आणि ईमेल, आणि तो ईमेल कमिटच्या ईमेलशी जुळला पाहिजे. ईमेल लपवलेला असेल तर तोच गिटहबचा लपवलेला पत्ता दोन्हीकडे.

आता दोन कमिट आहेत त्यामुळे दोन्हीला लावायला लागेल. गिट रीबेसला (कमिट परत नव्याने लावणारी कमांड) साइनऑफचा ऑप्शन आहे, मागच्या दोन कमिटवर चालवा, मग फोर्स पुश, म्हणजे जुन्या कमिटवर नवीन जबरदस्तीने चढवणं. फोर्स विथ लीज वापरा, नुसतं फोर्स नको. तुमच्याच फोर्कच्या ब्रँचवर आहे त्यामुळे त्यांच्या रेपोला काही होत नाही. पुल रिक्वेस्ट बंद करून नवीन उघडू नका, बरेच जण घाबरून तसं करतात, तीच आपोआप अपडेट होते. काही प्रोजेक्ट डीसीओ मागत नाहीत, त्याऐवजी सीएलए म्हणून करार असतो, मॅटरमोस्टला तो लागतो, तो एकदाच भरायचा.

---

रायवळ

हिरवं झालं! आणि रिव्ह्यू पण आला. त्यांनी विचारलंय की कमिट मेसेजमध्ये नुसतं 'डॉक्स दुरुस्त केले' असं न लिहिता काय बिघडत होतं ते लिहा, आणि बाकी मजकूर छान आहे म्हणाले. ते बदलून परत पाठवलं. मेनूच्या इश्यूवर उत्तर आलं की मेनू खरंच हलवलाय, पान राहून गेलंय, तुम्ही करता का म्हणून मलाच विचारलंय. आता तेही करायला लागणार.

हे साईटवर दिसायला किती वेळ लागतो?

---

सुरंगीचा वळेसार

मर्ज झालं (त्यांनी बदल मूळ फायलींत घेतला) की लेटेस्टच्या पानावर बहुतेक लगेचच दिसेल, स्टेबलवर पुढच्या रिलीजला, किंवा त्यांनी मुद्दाम जुन्या ब्रँचवर पण घेतलं तर आधी. विनंती करून बघ, कमांड चालत नाही हे कारण पुरेसं आहे. तोपर्यंत त्या दोन गटांना लेटेस्टच्या पानाची लिंक देऊ नकोस, त्यात त्यांच्या आवृत्तीत नसलेल्या गोष्टी असतील. तुझी सुधारलेली कमांड सरळ मेसेजमध्ये पाठव, व्हॉट्सॲपवर नको, तुमच्याच चॅटमध्ये कोड ब्लॉक करून.

---

धक्क्यावरचा

एक राहिलं. मॅडम, तो बॅकअप घेतलात तो रिस्टोअर करून बघितलात का? रिस्टोअरच्या पानावर पण तेच डॅश होते म्हणताय म्हणजे ते पान बराच काळ कुणी नीट चालवून बघितलेलं नाही. तिथे अजून काय काय चुकलंय ते करून बघितल्याशिवाय कळायचं नाही.

---

रायवळ

नाही बघितला. दुसरं मशीन नाहीये आणि चालू सर्व्हरवर करायची हिंमत नाही, सगळ्या सीझनच्या ऑर्डरी त्याच्यात आहेत.

---

कातळशिल्प

चालू सर्व्हरवर चुकूनही नको. माझ्याकडे ८ जीबीचं जुनं मशीन नुसतं धूळ खात पडलंय, उबंटू टाकून ठेवतो. पुढच्या आठवड्यात रत्नागिरीला येणं होत असेल तर बॅकअपची फाईल पेनड्राइव्हवर घेऊन या, एनक्रिप्ट करून. नाहीतर मी रविवारी कणकवलीला येतोय, मशीन गाडीत टाकतो.

---

रायवळ

कणकवली बरं पडेल. रविवारी पाऊस कमी असला तर, घाटी रस्ता नाही पण आमचा पूल बुडतो.